विल्हेल्मिना गास्टहाउस : हृदयाच्या ठोक्यांची परीक्षा घेणारा विभाग

मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांत ‘ईपी स्टडी’ हा शब्द आता रुग्णांच्या नातेवाइकांच्याही तोंडी रुळला आहे. जांघेतल्या शिरेतून तीन-चार बारीक कॅथेटर हृदयापर्यंत न्यायचे, आतून विजेचे आलेख घ्यायचे आणि ज्या धडधडीने माणूस हैराण झाला आहे ती टेबलावरच मुद्दाम सुरू करून पाहायची, अशी ही तपासणी. संमतिपत्रावर सही करताना ‘मुद्दाम सुरू करणार’ या शब्दांपाशी पुष्कळांचा हात अडखळतो, आणि ते साहजिकच आहे. पण अशी धडधड सुरू करता येते आणि नेमक्या क्षणी दिलेल्या एका ठोक्याने थांबवताही येते, हे माणसाच्या हृदयात पद्धतशीरपणे दाखवून दिले ते ॲमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना गास्टहाउस या रुग्णालयाच्या हृदयविकार विभागाने, 1967 साली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फिलिप कुमेल आणि त्यांचे सहकारीही स्वतंत्रपणे त्याच वाटेने जात होते. तरीही हृदयतालाला वाहिलेल्या स्मरणिकेत ज्या एका संस्थेचा इतिहास असायलाच हवा, ती माझ्या मते ॲमस्टरडॅमची.

रुग्णालय जुने. पूर्वी शहराच्या वेशीबाहेर प्लेगच्या रुग्णांना ठेवण्याची जागा होती, तिथेच पुढे सार्वजनिक रुग्णालय झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याला बालराणी विल्हेल्मिनाचे नाव मिळाले. विद्यापीठाशी जोडलेले, गरिबांची गर्दी असलेले, वेगवेगळ्या इमारतींत पसरलेले असे त्याचे स्वरूप होते. इमारतींबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते तिथे एकत्र आलेल्या माणसांबद्दल.

हृदयाची वीज हा विषय हॉलंडला नवा नव्हता. लायडनमध्ये विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्ट्रिंग गॅल्व्हॅनोमीटर बनवून माणसाचा स्वच्छ ईसीजी काढला होता. यंत्र एवढे अवजड की ते रुग्णालयात नेणे अशक्य. मग त्यांनी सुमारे दीड किलोमीटर लांबीची तार टाकून रुग्णालयातल्या रुग्णाचा आलेख प्रयोगशाळेत बसून घेतला. आलेखातल्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे त्यांचीच. 1924 साली त्यांना नोबेल मिळाले. दुसरे नाव कारेल वेंकेबाख यांचे. 1912 साली त्यांच्याकडे एक डच व्यापारी आला. त्याची नाडी अनियमित होती, म्हणजे आज आपण ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतो तो आजार. ‘उद्या सकाळी नाडी नीट करून येतो’ असे सांगून तो गेला आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच नियमित नाडी घेऊन हजर झाला. हिवतापाच्या देशांत वावरलेला हा माणूस. एक ग्रॅम क्विनाइन घेतले की आपली धडधड थांबते हे त्याने स्वतःच हेरले होते. वेंकेबाखांनी ते हसण्यावारी नेले नाही. आपल्या 1914 च्या ग्रंथात त्यांनी त्याची नोंद केली, आणि त्यातूनच काही वर्षांत क्विनिडीन हे औषध पुढे आले. रुग्ण सांगतो ते मनावर घेणे आणि आलेख स्वतःच्या डोळ्यांनी तपासणे, या दोन्ही सवयी डच हृदयवैद्यकात आधीपासून होत्या.

डर्क ड्यूरर यांचा जन्म 1918 चा. 1957 साली ते ॲमस्टरडॅम विद्यापीठात हृदयविकारशास्त्राचे प्राध्यापक झाले. छातीवरून काढलेल्या ईसीजीने त्यांचे समाधान होत नव्हते. बाहेरचा आलेख म्हणजे हृदयातल्या लक्षावधी पेशींच्या विजेची गोळाबेरीज. वीज कुठून निघाली, कुठे आधी पोहोचली, कुठे रेंगाळली, हे त्यातून अंदाजानेच सांगावे लागते. ड्यूररना अंदाज नको होता. वैद्यकीय भौतिकशास्त्राचे हेंक फान डर ट्वील यांच्या साथीने त्यांनी कुत्र्याच्या हृदयात टोचता येतील अशा सुया बनवल्या. एका सुईच्या लांबीवर ओळीने अनेक सूक्ष्म इलेक्ट्रोड. सुई हृदयाच्या स्नायूत आरपार गेली की वीज भिंतीच्या आतून बाहेर कशी सरकते याची प्रत्येक टप्प्यावरची वेळ मिळे, तीही सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदांत. डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ एकाच टेबलाभोवती उभे असण्याची प्रथा तिथे पडली. आज कोणत्याही ईपी लॅबमध्ये गेलात तर कॅथेटर धरणाऱ्या डॉक्टरांइतकाच पडद्यासमोर बसलेला तंत्रज्ञ महत्त्वाचा असतो. त्या जोडीची सुरुवात अशा प्रयोगशाळांत झाली.

या सुयांचे सर्वांत मोठे काम 1970 साली प्रसिद्ध झाले. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांनी दगावलेल्या, पण हृदय निरोगी असलेल्या सात जणांची हृदये मृत्यूनंतर लगेच काढून प्रयोगशाळेत आणली गेली. महाधमनीतून उलट दिशेने प्राणवायूयुक्त उबदार द्रव सोडला की तो हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत शिरतो आणि शरीराबाहेरचे हृदय पुन्हा ठोके देऊ लागते. त्या ठोकणाऱ्या हृदयांत सुया रोवून विजेचा पूर्ण प्रवास नोंदवला गेला. डाव्या निलयात, म्हणजे डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात, वीज एका जागी नव्हे तर तीन जागी जवळपास एकाच वेळी उतरते. उजव्या निलयात ती 5 ते 10 मिलिसेकंद मागाहून सुरू होते. आणि डाव्या निलयाचा मागचा, तळाकडचा भाग बहुधा सर्वांत शेवटी जागा होतो. ड्यूररसोबत या कामात फान डॅम, फ्रॉइड, मिखिल यान्से, फ्रिट्स मायलर आणि आर्झबेकर होते. त्या निबंधातले रंगीत नकाशे आजही पाठ्यपुस्तकांत छापले जातात. बंडल ब्रँच ब्लॉक असो, निलयातला ठोका कुठून उठला हे ईसीजीवरून ओळखणे असो, की पेसमेकरची तार कुठे टेकवायची हा प्रश्न असो, तुलनेसाठी डोळ्यांपुढे येतो तो या सात हृदयांचा नकाशा. ज्या सात माणसांमुळे हे कळले त्यांची नावे निबंधात नाहीत. अशा स्मरणिकेत त्यांना नमस्कार करून पुढे जाणे मला योग्य वाटते.

आता 1967 कडे येऊ. त्यासाठी ठोक्याचा नेहमीचा मार्ग थोडक्यात सांगितला पाहिजे. उजव्या अलिंदाच्या, म्हणजे उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या, वरच्या टोकाला सायनस नोड असतो. ठोका तिथे जन्मतो. तो दोन्ही अलिंदांत पसरतो आणि एव्ही नोडपाशी येतो. वरचे कप्पे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये विजेचा शिरकाव होऊ न देणारा पडदा असतो आणि एरवी त्यातून जायला एव्ही नोड ही एकच वाट. इथे ठोका मुद्दाम रेंगाळतो, म्हणजे अलिंदांतले रक्त निलयात उतरायला सवड मिळते. मग हिस बंडल, तिच्या दोन फांद्या, पर्किंजेचे जाळे आणि शेवटी निलयांचा स्नायू. याच रेंगाळण्याने मायलर यांना आयुष्यभर झपाटले होते. पुढे ते उट्रेख्टला गेले आणि उंदरापासून हत्तीपर्यंतची हृदये तुलनेला घेता घेता थेट हंपबॅक व्हेलचा ईसीजी त्यांनी मिळवला. हृदय आकाराने कितीही पटींनी वाढले तरी एव्ही नोडमधला थांबा त्या पटीत वाढत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. प्रश्नाचा पाठलाग करत समुद्रापर्यंत जाणारी ही माणसे होती.

काही लोकांत जन्मतःच या पडद्यातून दुसरी एक वाट राहून गेलेली असते. स्नायूचा बारीकसा धागा, पण विजेला तेवढा पुरतो. 1930 साली वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी अशा 11 जणांचे वर्णन केले. त्यांच्या नावाने हा विकार डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणून ओळखला जातो. या आडवाटेवर थांबा नसतो, म्हणून ईसीजीत निलयांची लाट वेळेआधी, तिरकस चढाने सुरू होते. अशा तरुण, धडधाकट माणसाचे हृदय एकाएकी मिनिटाला 180-200 वेळा धावू लागते आणि तसेच एकाएकी थांबते. का? जॉर्ज राल्फ माइन्स या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने 1913-14 मध्येच प्राण्यांच्या हृदयाच्या कड्यांवर प्रयोग करून उत्तर सुचवले होते: वीज एका वाटेने खाली उतरून दुसऱ्या वाटेने वर परतत असेल, तर ती गोल गोल फिरत राहील. यालाच रीएन्ट्री म्हणतात. कल्पना पन्नास वर्षे पडून होती. माणसात पुरावा नव्हता. काही जण म्हणत, फिरते-बिरते काही नाही, एखादा चिडलेला बिंदू भराभर ठोके देत असणार.

ॲमस्टरडॅमच्या विभागात याचा निकाल लावण्यासाठी जे केले गेले त्याची रीत आजही तीच आहे, म्हणून ती जवळून पाहण्यासारखी आहे. कॅथेटरच्या टोकातून अलिंदाला ठरावीक वेगाने हलके ठोके दिले जातात, समजा दर 600 मिलिसेकंदांनी, म्हणजे मिनिटाला 100. असे आठेक ठोके झाले की त्यामागून एक जादा ठोका, जरा लवकर. आधी 500 मिलिसेकंदांनी. काही होत नाही. मग पुन्हा आठ ठोके, आणि जादा ठोका 490 वर. मग 480. प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूला काही काळ विश्रांती लागते. त्या काळात आलेल्या विजेला तो जुमानत नाही. दोन्ही वाटांचा हा विश्रांतीचा काळ सारखा नसतो, आणि सारे मर्म त्यात आहे. दहा-दहा मिलिसेकंदांनी खाली येता येता एक वेळ अशी येते की आडवाट अजून सुस्तावलेली आहे पण एव्ही नोड तयार आहे. जादा ठोका नोडमधून खाली उतरतो. ईसीजीतला तिरकस चढ त्या एका ठोक्यात नाहीसा होतो. निलयांतून फिरून वीज आडवाटेच्या खालच्या टोकाशी पोहोचते तोवर ती वाट जागी झालेली असते. वीज तिच्यातून वर चढते, अलिंदात येते, पुन्हा नोडमध्ये शिरते. आणि रुग्ण म्हणतो, ‘हीच, अगदी हीच ती धडधड.’

थांबवणे याहून सोपे आणि याहून बोलके. धडधड चालू असताना अलिंदात किंवा निलयात योग्य क्षणी एकच ठोका दिला की तो फेऱ्यात घुसतो, समोरून येणाऱ्या विजेला वाट मोकळी मिळत नाही आणि सारे शांत होते. चिडलेला बिंदू असता तर तो अशा एका ठोक्याने गप्प बसला असता का, हा युक्तिवाद तेव्हापासून आजवर वापरला जातो. ड्यूरर, स्खो, स्खाउलेनबर्ग आणि वेलेन्स या चौघांचा निबंध ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात 1967 साली आला. त्याच वर्षी ड्यूरर आणि रोस यांनी छाती उघडलेल्या स्थितीत एका डब्ल्यूपीडब्ल्यू रुग्णाच्या हृदयाच्या पृष्ठभागावर विजेचा नकाशा काढून कोणता भाग वेळेआधी जागा होतो ते दाखवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात विल सीली यांनी एका मच्छीमाराच्या हृदयातली अशी आडवाट शस्त्राने तोडली. नकाशा असल्याशिवाय सुरी कुठे चालवायची हे कळले नसते.

चौघांतले शेवटचे नाव, हाइन वेलेन्स, यांनी हे काम पुढे नेले. 1971 साली त्यांचा प्रबंध आला तो धडधडींच्या अभ्यासासाठी आणि उपचारासाठी हृदयाला विजेचे ठोके देण्यावरच. 1972 साली त्यांनी स्खाउलेनबर्ग व ड्यूरर यांच्यासह व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे निलयांतून उठणारी जीवघेणी धडधड, असलेल्या रुग्णांवरही हीच रीत वापरली. हे धाडस मोठे होते. डब्ल्यूपीडब्ल्यूच्या धडधडीत माणूस घाबराघुबरा होतो, पण बहुधा शुद्धीत असतो. निलयांची धडधड दोन मिनिटांत प्राण घेऊ शकते. विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारे डिफिब्रिलेटर यंत्र हाताशी ठेवून, रुग्णाला समजावून सांगून केलेल्या या तपासण्यांतून कळले की हृदयविकाराच्या झटक्यानंतर उरलेल्या व्रणाभोवतीही वीज फेरा धरते, आणि तोही सुरू करता येतो, थांबवता येतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. त्या वर्षांत टेबलावर झोपलेल्या बहुतेक रुग्णांना देण्यासारखा कायमचा इलाज विभागाकडे नव्हता. औषधे होती, मोजक्यांसाठी शस्त्रक्रिया होती. कॅथेटरने विजेची वाट जाळण्याची कल्पना 1982 मध्ये मेल्विन शाइनमन आणि जॉन गॅलाघर यांच्या कामातून अमेरिकेत आली, तीही आधी विजेच्या झटक्याने आणि एव्ही नोडपुरती. रेडिओ लहरींच्या उष्णतेने आडवाट अचूक जाळणे सर्वत्र रुजले ते 1991 च्या जॅकमन आणि कुक यांच्या निबंधांनंतर. म्हणजे आजार समजला आणि तो मुळापासून बरा करता येऊ लागला, यांत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर पडले. आज एखादी विशीतली मुलगी सकाळी दाखल होते आणि दुसऱ्या दिवशी कायमची बरी होऊन घरी जाते, त्यामागे स्वतःला काही मिळण्याची खात्री नसताना ‘करा तपासणी’ म्हणणारे ॲमस्टरडॅमचे ते रुग्ण आहेत. संस्थांच्या इतिहासात प्राध्यापकांच्या तसबिरी लागतात. या रुग्णांची नोंद राहून जाते.

तपासणीचा दुसरा पाय अमेरिकेतून आला. बेंजामिन शेरलाग आणि अँथनी डमाटो यांनी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर हिस बंडलची बारीकशी लाट शिरेतून नेलेल्या कॅथेटरने पकडली. निबंध 1969 चा. त्यामुळे अलिंद ते हिस आणि हिस ते निलय अशा दोन टप्प्यांत वेळ मोजता येऊ लागला. पहिला टप्पा साधारण 50 ते 120 मिलिसेकंदांचा, दुसरा 35 ते 55 चा. चक्कर येऊन पडणाऱ्या वृद्धाला पेसमेकर हवा की नको हे ठरवताना दुसऱ्या टप्प्याची वाढलेली वेळ फार मोलाची ठरते, कारण नोडमधला अडथळा पुष्कळदा निभावून नेता येतो, पण हिसच्या खालचा अडथळा दगा देतो. ॲमस्टरडॅमच्या ठोके देण्याच्या रीतीशी ही मोजणी जोडली गेली आणि आजची ईपी स्टडी तयार झाली.

1977 मध्ये वेलेन्स मास्ट्रिख्टला गेले आणि तिथे त्यांनी नवीन विभाग उभा केला. ईसीजी वाचायला शिकवणारा त्यांच्या तोडीचा शिक्षक विरळा. रुंद लाटांची धडधड वरून आली आहे की निलयांतून, हे साध्या ईसीजीवरून ओळखण्याचे त्यांचे 1978 चे निकष जगभरच्या इमर्जन्सी वॉर्डांत वापरले गेले. देशोदेशीचे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकले. त्यांतले पेद्रो ब्रुगादा आणि त्यांचे बंधू जोसेप यांनी 1992 साली आठ रुग्णांवरून एका नव्या, पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या विकाराचे वर्णन केले. हृदय दिसायला निरोगी, ईसीजीत विशिष्ट खूण, आणि मृत्यू अचानक. वेलेन्स 2020 साली वारले.

इकडे ॲमस्टरडॅममध्ये 1980 च्या दशकात विल्हेल्मिना गास्टहाउस शहराच्या आग्नेय टोकाला बांधलेल्या ॲकॅडेमिक मेडिकल सेंटरमध्ये, म्हणजे एएमसीत, हलवले गेले. ड्यूरर 1984 मध्ये निवर्तले. विभाग मात्र विस्कळीत झाला नाही, याचे पुष्कळसे श्रेय मिखिल यान्से यांना जाते. रक्तपुरवठा तुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत हृदय का भरकटते, हे त्यांनी डुकरांच्या आणि कुत्र्यांच्या हृदयांवर अनेक जागी एकाच वेळी नोंदी घेऊन उलगडले. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यानंतर रुग्णालयात पोहोचण्याआधीच होणारे मृत्यू समजून घ्यायला याहून मूलभूत काम थोडेच असेल.

पुढच्या पिढीत सुयांची जागा जनुकांनी घेतली. आठ पिढ्यांचा माग लागलेल्या एका मोठ्या डच कुटुंबात माणसे रात्री झोपेत मरत होती. आर्थर विल्ड यांच्या गटात, कॉनी बेझिना यांच्या 1999 च्या निबंधातून, या कुटुंबाच्या सोडियम वाहिनीच्या जनुकात तीन अक्षरे जादा घुसलेली आढळली. त्या एकाच दोषाने लाँग क्यूटी (ईसीजीत क्यूपासून टीपर्यंतचे अंतर लांबणे) आणि ब्रुगादा हे दोन्ही विकार त्याच माणसांत दिसत होते. तोवर ते वेगळे आजार मानले जात. 2018 साली एएमसी आणि शहरातले दुसरे विद्यापीठ रुग्णालय मिळून ॲमस्टरडॅम यूएमसी झाले. 2020 मध्ये राइनाउट क्नॉप्स यांच्या नेतृत्वाखालच्या प्रेटोरियन चाचणीने 849 रुग्णांवर दाखवून दिले की हृदयात तार न नेता त्वचेखाली बसवलेला डिफिब्रिलेटर, गुंतागुंती आणि अनावश्यक झटके यांचा एकत्रित हिशेब धरला तर, तारवाल्याहून कमी पडत नाही.

ज्या तपासणीने या विभागाचे नाव झाले तिच्या मर्यादांबद्दलही आज वाद आहे. ब्रुगादा विकार असलेल्या पण कधीही चक्कर न आलेल्या माणसात ठोके देऊन निलयांची धडधड सुरू झाली, तर त्याला डिफिब्रिलेटर बसवावा का? ब्रुगादा बंधूंचा कल ‘हो’ कडे. इटलीतल्या 2012 च्या प्रील्यूड अभ्यासात मात्र धडधड सुरू होण्याचा आणि पुढच्या धोक्याचा संबंध दिसला नाही. निरोगी हृदयाला पुरेसे जोरात डिवचले तर तेही भरकटू शकते. म्हणून किती जादा ठोके द्यायचे, किती जवळ द्यायचे, एका जागी की दोन जागी, यावर अजून चर्चा चालू आहे, आणि आपल्याकडच्या ईपी लॅबमध्येही अशा रुग्णापुढे बसून डॉक्टरांना हाच निर्णय घ्यावा लागतो.